युक्काला फुलं आली, आता झाड मरणार का? आणि ही युक्का नेमकी कोणती?

अंगणवाली_नाशिक
कुंपणाजवळ सासऱ्यांनी लावलेलं जुनं झाड आहे. तलवारीसारखी ताठ पानं, टोक असं की पाणी घालताना दंडावर ओरखडा ठरलेला. पाऊस सरता सरता मधून दांडा वर आला आणि पांढऱ्या, खाली मान घातलेल्या फुलांनी लगडला. अंधार पडला की मंद वास येतो. शेजारच्या काकू म्हणतात, "ही घायपात, फुलली की संपली." एका नर्सरीत 'युक्का ग्लोरिओसा' सांगितलं, दुसरीकडे 'स्पॅनिश डॅगर', आणि तिथेच 'स्पॅनिश डॅगर'ची पाटी मऊ पानांच्या भलत्याच झाडाला! शिवाय फुलं गळतात, फळ एकही धरत नाही. दांडा कापू का?

काटेरी_काका
ताई, घाबरू नका, घायपात नाही ही. घायपात म्हणजे अगावे. ती वर्षानुवर्षं वाढते, एकदाच फुलते आणि तो गड्डा मरतो. युक्काचं तसं नाही. फूल शेंड्यातूनच येतं, म्हणून तो शेंडा तिथेच थांबतो, पण खालून बाजूचे कोंब फुटतात आणि झाड पुढे चालू राहतं. दांडा वाळला की बुडातून कापा, आधी घाई नको. चष्मा लावून कापा, ती टोकं डोळ्याच्या उंचीवर असतात.

नावाचं म्हणाल तर 'स्पॅनिश डॅगर' हे नाव दोनतीन जातींना सर्रास लावतात, त्यावर विसंबू नका. पानाच्या कडेवरून नख फिरवा. करवतीसारखी बारीक खरखर लागली तर अलोइफोलिया. कड गुळगुळीत, टोक टोचरं, तर ग्लोरिओसा. कडेला पांढरे दोरे सुटलेले आणि खोड जवळजवळ नाहीच, तर फिलामेंटोसा. खोड बुडाशी फुगलेलं आणि पानाचं टोक न बोचणारं, तर हॉलमध्ये कुंडीत ठेवतात ती गिगांटिया. बाजारात तिला एलिफँटिपेस म्हणतात, जुन्या पुस्तकात ग्वाटेमालेन्सिस. तीन नावं, झाड एकच. तुम्ही पाहिलेलं मऊ पानांचं झाड बहुधा तेच.

रॅलेची_माळीण
फळाचं मी सांगते. इथे नॉर्थ कॅरोलायनात फिलामेंटोसा रानात आपोआप येते आणि बोंडं भरभरून धरतात, कारण तिचा पतंग इथलाच. टेजेटिक्युला नावाचा छोटा पांढरा पतंग. मादी परागांचा गोळा करून तोंडाखाली धरते, दुसऱ्या फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग वर चढून तो गोळा स्वतः कुक्षीत दाबते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला. १८७०च्या दशकात चार्ल्स रायली या कीटकशास्त्रज्ञाने हे बारकाईने पाहून लिहिलं. नाशिकला हा पतंग कुठून येणार? हौस असेल तर संध्याकाळी मऊ कुंचल्याने पराग उचला आणि मधल्या कुक्षीच्या खळग्यात दाबून बसवा, नुसते शिंपडून भागत नाही. अलोइफोलियाला मात्र मधमाश्यांकडूनही फळ धरतं.

खवय्या_ठाणे
याचे कंद उकडून खातात ना? परदेशात मेनूवर 'युका फ्राइज' पाहिलंय.

काटेरी_काका
अहो, खाऊ नका! ती युका म्हणजे कसावा, आपला साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. युक्काच्या मुळांत सॅपोनिन असतं, पाण्यात घोळलं तर फेस येतो. अमेरिकेतल्या मूलनिवासींनी त्याने केस धुतले. खायचंच असेल तर गिगांटियाची फुलं. एल साल्वाडोरचं ते राष्ट्रीय फूल, तिथे पाकळ्या अंड्याबरोबर परततात. पण घरच्या झाडावर जात पक्की केल्याशिवाय प्रयोग नको.

अंगणवाली_नाशिक
नख फिरवलं. कड गुळगुळीत, तपकिरी रेघ आहे. पण एका जुन्या पानाला दोनच दोरे लोंबताहेत. आता?

काटेरी_काका
मग ग्लोरिओसाच. ती अलोइफोलिया आणि फिलामेंटोसा यांच्या संकरातून आलेली आहे, हे जनुकीय तपासणीत दिसलंय. म्हणून एखाददुसरा दोरा निघतो. पाटी लावायला हरकत नाही.

अंगणवाली_नाशिक
काकूंना दाखवते. दांड्याच्या बुडाशी डाव्या बाजूला हिरवा फुगवटा आलाय, तो कोंबच ना?

काटेरी_काका
तोच. तिकडे कात्री लावू नका.