नाचणीचं सत्त्व कोमट होताच घट्ट होतंय, मदत हवी आहे

बाळ सात महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध चालू आहे आणि दिवसातून दोनदा वरचं खाणं. अडचण नाचणीच्या सत्त्वाची आहे. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवून, मग वाटीभर पाण्यात मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं शिजवते. गुठळ्या होत नाहीत, पण कोमट होईपर्यंत गोळा बसतो आणि बाळ जिभेनं बाहेर ढकलतं. पाणी वाढवलं तर पीठ नावालाच उरतं. इवल्याशा पोटात नुसतं पाणी भरून काय उपयोग? चमचा तिरका केल्यावर हळूहळू ओघळेल इतपत दाट हवं आहे.

मोड आल्यावर धान्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्च फोडतं म्हणून खीर सैल राहते, आणि जास्त भाजलं की ते निकामी होतं, एवढं माहीत आहे. मी नाचणी रात्रभर भिजवते, दीड दिवस फडक्यात बांधते, सावलीत वाळवून खमंग वास सुटेपर्यंत भाजते, मग दळून वस्त्रगाळ करते. भाजणंच नडतंय का? की मोड आखूड राहतात? न भाजता दळलं तर पावसाळ्यात पिठाला कुबट वास येण्याची भीती वाटते.

न भाजलेल्या सत्त्वाची चिमूट कोमट खिरीत घालून, ती सैल झाल्यावर पुन्हा उकळी आणणं कोणी करतं का? मध्ये किती वेळ थांबायचं?

साखर, गूळ, मीठ घालत नाही आणि मध तर वर्षाच्या आत नाहीच, त्यामुळे गोड करून भरवण्याचा सल्ला कृपया नको.