लिबेटचा प्रयोग: मेंदू आपल्याआधीच ठरवून मोकळा होतो का?

तर्कट:
इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे म्हणणारे हमखास मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेटच्या १९८३च्या प्रयोगावर बोट ठेवतात. त्यात लोकांनी वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, आणि तशी इच्छा झाली तेव्हा घड्याळासारख्या तबकडीवरचा फिरता ठिपका कुठे होता ते सांगायचं. मनगट हलण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत 'रेडिनेस पोटेन्शियल' (हालचालीआधी संथपणे चढणारा विद्युत संकेत) सुरू होतं, आणि 'आता हलवावं' ही जाणीव मात्र २०० मिलिसेकंद आधीची. मधल्या ३५०चं काय करायचं? युक्तिवादात खोट आहे की नाहीच?

मज्जारज्जू:
आलेख कसा काढला ते आधी बघा. डोक्याच्या त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला मिळणारा हा संकेत जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, एरवीच्या ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीच्या) गोंगाटात बुडून जाणारा. म्हणून ४० वेळा हालचाल करून घ्यायची, स्नायूच्या ईएमजीवरून (विद्युत नोंदीवरून) हालचालीचा क्षण धरायचा आणि तिथून मागे सरासरी काढायची. घोळ इथेच होतो. संकेत चढला पण मनगट हललं नाही, असे प्रसंग सरासरीत येतच नाहीत. नदीने धोक्याची पातळी ओलांडली तेच दिवस निवडून मागे मोजलंत, तर आधी पाणी चढतानाच दिसणार!

शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच मॉडेलने दाखवलं: मेंदूतले यादृच्छिक चढउतार, ते साठवणारा पण थोडा गळत राहणारा संचय आणि तो ओलांडला की हालचाल घडते असा एक उंबरठा. एवढ्यावर तसाच संथ चढ मिळतो. त्या वाचनानुसार ५५० हा निर्णयाचा क्षण उरत नाही.

सेकंदकाटा:
२००चा आकडाही ठिसूळच आहे. ठिपका २.५६ सेकंदांत तबकडीभोवती फिरतो, म्हणजे ६० खुणांपैकी एक खूण जवळपास ४३ मिलिसेकंदांची. शिवाय त्वचेला दिलेला हलका धक्का लोक सरासरी ५० मिलिसेकंद आधीच जाणवल्याचं सांगत. ती चूक वजा केली की उरतात १५०. बँक्स आणि इशॅम यांनी २००९मध्ये बटण दाबल्यावर किंचित उशिराने आवाज ऐकवला, तर लोकांनी सांगितलेली निर्णयाची वेळही उशिराची झाली. थोडक्यात, ही वेळ अंशतः मागाहून जुळवलेली असते.

तर्कट:
मग २००८चा एफएमआरआय (मेंदूचं काम टिपणारं स्कॅन) वापरून केलेला प्रयोग? तिथे तर माणूस कुठलं बटण दाबणार हे १० सेकंद आधी कळत होतं.

मज्जारज्जू:
डावं बटण की उजवं, हे साधारण ६० टक्के वेळा. नाणं उडवूनही ५० येतात. कल आधी असतो, एवढंच त्यातून निघतं.

२०१६च्या प्रयोगात संगणक रेडिनेस पोटेन्शियल ओळखून लगेच थांबण्याचा दिवा दाखवायचा. हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीपर्यंत लोकांना थांबता येत होतं. चढ सुरू झाला म्हणजे बाण सुटला, असं नाही.

कार्यकारण:
एक भर. नियतिवादाला, म्हणजे सगळं आधीच्या कारणांनीच ठरतं या मताला, लिबेटची गरजच नाही. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४मध्ये तो मांडला तेव्हा ईईजी कुठे होता? जाणीव ३५० मिलिसेकंद उशिरा आली काय, आधी आली काय, तिच्यामागेही भौतिक कारणं असणारच. ती कारणं 'माझी' धरायची की नाही, यावर खरं भांडण आहे, आणि तिथे इलेक्ट्रोड लावता येत नाही.