भुईमूग वरून हिरवागार, खाली शेंगा पोचट: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आमची सव्वा एकर जिरायत आहे. माळरानाची, तांबूस, मुरमाड. त्यातल्या तीस गुंठ्यांत आई दर पावसाळ्यात भुईमूग करते. बियाणं घरचं, निमपसऱ्या जातीचं. मी पुण्यात नोकरीला. पेरणीला आणि काढणीला जाते.

यंदा पीक इतकं माजलं की ओळी दिसेनात. उपटलं तर निम्म्याहून जास्त शेंगा पोचट. दाबली की पिचते, आत सुरकुतलेला दाणा, नाहीतर काहीच नाही. मुळं खाणारी हुमणी अळी नव्हती, मुळांवर नत्राच्या गाठी भरपूर. पानांवर ठिपके पाडणारा टिक्का रोग आला, पण अगदी शेवटी.

पेरताना 10:26:26 खताचं एक पोतं दिलं. मध्ये पानं पिवळी पडली म्हणून युरिया टाकला. तण फार झालं तेव्हा पन्नासाव्या दिवशी ओळींमधून कोळपं फिरवलं, आऱ्या (फुलातून निघून मातीत शिरतात आणि टोकाला शेंग धरतात त्या काड्या) सुटल्या होत्या तरी. ते चुकलं का? जिप्सम आम्ही कधी घातलेलं नाही. आऱ्या मातीत जाव्यात म्हणून पिकावरून रिकामा ड्रम फिरवावा असंही कुणी सांगतं.

आमचं वर्षाचं तेल याच शेंगांचं. कूट घरचं, पाला आणि पेंड म्हशीला, शिवाय मागाहून शाळू करायला भुईमुगाचा बेवड (आधीच्या पिकाने रानाला आलेला कस) चांगला. पण खरा घोर बियाण्याचा आहे. तीस गुंठ्यांना तीसेक किलो दाणे लागतात. विकत घ्यायचे तर पेरणीआधीच कंबर मोडते. आणि आजीपासून चालत आलेलं हे बी आईला मोडू द्यायचं नाही, मलाही नाही. यातलेच भरीव दाणे निवडून ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद: ताई, कोळपणी नडलीच, पण मूळ दुखणं कॅल्शियमचं दिसतंय. शेंगेला ते मुळांकडून मिळत नाही, भोवतालच्या मातीतून तीच ओढून घेते. म्हणून पाला हिरवा आणि दाणा रिकामा. जिप्सममधून कॅल्शियम मिळतं. ते घाला हेक्टरी 400 किलो: निम्मं पेरणीला, निम्मं आऱ्या सुटताना ओळीलगत. तुमच्या रानाला दर वेळी 60 किलो. कोळपणी-खुरपणी 40 दिवसांच्या आत उरका, नंतर तण हातानेच उपटा. ड्रमचं नंतर बघू, आधी जिप्सम. बियाण्याचे थोडे दाणे उकलून पाहा. आतला कोंब काळपट असेल तर ते बी नको. बाकी शेंगेतच ठेवा, पेरणीच्या तोंडावर फोडा. त्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा.

धागाकर्ती: दादा, मनापासून आभार. आत्ताच फोन केला. आईने वीस दाणे उकलले, तीन दाण्यांचे कोंब काळे निघाले. शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून ठेवलेत. आठ दिवसांनी किती उगवले ते इथेच लिहिते.