पांढरे ठिपके आणि अल्झायमर

'मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात फझेकास २ लिहिलंय, म्हणजे आईला अल्झायमर झालाच का?' या प्रश्नावर थोडी भर घालतो. बाबांचा एमआरआय परळला काढला तेव्हा आम्हीही हाच घोळ घातला होता. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ठिपके मोजत बसलो होतो!

फझेकास ही १९८७ सालची ० ते ३ अशी साधी श्रेणी. फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रात पांढरे ठिपके किती आणि ते एकमेकांत किती मिसळलेत, एवढंच ती सांगते. ठिपके बहुतेकदा बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्याचे. वय आणि बीपी ही मुख्य कारणं. अल्झायमरमध्येही दिसतात, पण नुसत्या त्यांवरून निदान होत नाही. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, किती आक्रसलाय, हेही पाहतात.

कुणी डीटीआयचं, म्हणजे मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते टिपणाऱ्या एमआरआयचंही विचारलंय. ते निराळं प्रकरण. मेंदूतल्या निरोगी मज्जातंतूंमध्ये पाणी तंतूच्या दिशेनंच जास्त सरकतं, संध्याकाळी दादरच्या पुलावर आपण लोंढ्याबरोबर सरकतो तसं. तंतूंवरचं मायलिनचं, म्हणजे चरबीचं आवरण झिजलं, तंतू विरळ झाले, की पाणी आडवंतिडवंही पसरतं. हा एकदिशेपणा ० ते १ अशा आकड्यात मोजतात. अल्झायमरमध्ये फॉर्निक्स आणि सिंग्युलम या आठवणींशी जोडलेल्या तंतूंच्या जुड्यांमध्ये तो घसरलेला आढळतो. मात्र हे चित्र रुग्णांच्या गटांची तुलना करताना दिसतं. एकट्या आईच्या आकड्यावरून कुणी निकाल देऊ नये.

जुन्या स्कॅनची सीडी मात्र टाकू नका. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर काढा, नाहीतर फरक मेंदूतला की मशीनचा, हे कळत नाही.