लेक रांगेत मोठ्याने म्हणाली, "हे काका एवढे काळे का?"

मीठभाकर:
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. लेक पाच वर्षांची. शनिवारी दुकानात बिलाच्या रांगेत पुढच्या गृहस्थांकडे बोट दाखवून खणखणीत मराठीत विचारलं, "आई, हे काका एवढे काळे का?" मी "श्श, असं बोलायचं नाही" म्हणून दटावलं. मराठी त्यांना कळलं नसेल, बोट कळलंच की. गाडीत बसल्यावर हिचा पुढचा प्रश्न: "काळं असणं वाईट असतं का?" मला घाम फुटला. शाळेत स्वतःचं चित्र काढते तेही पीच, म्हणजे फिकट गुलाबीसर खडूने. आणि आहे माझ्याहून सावळी. काय सांगू हिला?

पाटीपेन्सिल:
तो दुसरा प्रश्न तुमच्या "श्श"मधून आलाय बरं का. रागावू नका, बारा वर्षं ह्यूस्टनला बालवर्गात शिकवतेय, आयांचं हे "श्श" रोज ऐकते. मी मुलांना सरळ सांगते: कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उन्हापासून सांभाळतं, कुणात जास्त, कुणात कमी, तुझ्यातही आहे. पाचव्या वर्षी एवढं पुरतं. बोट दाखवू नये, हे दुसऱ्या दिवशी सांगा, नाहीतर दोन्हींची गाठ बसते.

पीचचं म्हणाल तर क्रेयोला ही खडूंची कंपनी त्या खडूला 1962 पर्यंत 'फ्लेश' म्हणायची. म्हणजे कातडीचा रंग. कुणाच्या कातडीचा, ते आपण समजून घ्यायचं! 2020 मध्ये त्यांनी कातडीच्या 24 छटांची पेटी काढली. आमच्या वर्गात ती आहे. मुलं मनगटावर खडू धरून आपली छटा शोधतात. एकीला तळहाताला वेगळा आणि हाताच्या पाठीला वेगळा खडू लागला, तर अख्खा वर्ग आपापले हात उलटेपालटे करत बसला.

पण नुसत्या खडूंवर थांबू नका. न्यू ऑर्लिन्सची रूबी ब्रिजेस 1960 मध्ये गोऱ्यांच्या शाळेत पहिलीत गेली, ती कृष्णवर्णीय म्हणून बाहेर मोठी माणसं आरडाओरडा करत होती, सोबत सरकारी मार्शल लागले. वर्षभर वर्गात ती आणि तिच्या बाई, दोघीच. हे सांगितलं की मुलं विचारतात, "मग डबा कुणाबरोबर खायची?" अन्याय त्यांना असाच कळतो.

कोथरूडकर_बाबा:
घरचंही तपासा. आमच्याकडे "उन्हात जाऊ नको, काळा पडशील" हे दिवसातून तीनदा. माझ्या पोराने मणिपूरच्या वर्गमित्राला 'चिनी' म्हटलं तेव्हा बाईंनी मला बोलावलं. तो शब्द त्याने माझ्याच तोंडून उचलला होता.

मीठभाकर:
बाबा, नेमकं दुखरं बोट दाबलंत. रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या सासूबाई: "पोहायला जाऊन किती रापलीस गं!" मी जरा अडवलं तर म्हणाल्या, "बोललं तर काय झालं? आपला विठोबा काळाच की." लेक लगेच, "मग तो उन्हात गेला का?" सासूबाईंनी विषय भाजीवर नेला.

पाटीपेन्सिल, ती पेटी साध्या दुकानात मिळते का, की मागवावी लागेल?