सिहानुक : कंबोडियाचा तारणहार की कुऱ्हाडीचा दांडा?

आडवाट्या

मे महिन्याची सुट्टी संपली की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून तरी व्हिएतनाम-कंबोडियाचे फोटो येतात. अंकोर वाटचा सूर्योदय, ता प्रोह्मच्या भिंतींवर चढलेली मुळं आणि मधेच चोएंग एक या कत्तलीच्या मैदानावरच्या स्तूपातल्या कवट्या. त्याखाली एकच शब्द, 'सुन्न'. हे घडलं कसं, असं कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: पोल पॉट नावाचा राक्षस आला. आला खरा, पण त्याला घरात घेतलं कोणी?

माझं उत्तर नोरोदोम सिहानुक. राजा, पंतप्रधान, राष्ट्रप्रमुख, निर्वासित, ख्मेर रूजचा (म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांचा) नामधारी राष्ट्रप्रमुख, मग त्यांचाच कैदी, पुन्हा निर्वासित आणि शेवटी पुन्हा राजा. १९४१ ते २००४ या काळातला कंबोडिया समजून घ्यायचा तर या एका माणसाच्या मागे मागे चालत गेलं तरी पुरतं.

सुरुवात गमतीची आहे. १९४१ मध्ये राजा मोनिवोंग वारला तेव्हा गादी त्याच्या मुलाकडे, मोनिरेतकडे जायला हवी होती. देशावर सत्ता फ्रेंचांची होती. त्यांनी विचार केला, हा प्रौढ आहे, स्वतःचं डोकं चालवेल. त्यापेक्षा सायगावच्या फ्रेंच शाळेत शिकणारा त्याचा अठरा वर्षांचा भाचा बरा. पोरगा नाचगाण्यात रमेल आणि पुढे ठेवू त्या कागदावर सही करेल. हा हिशेब साफ चुकला. याच पोराने १९५३ मध्ये पॅरिस, अमेरिका, जपान असा फेरा मारत, मुलाखती देत, रुसून राजधानी सोडून जात फ्रेंचांना इतकं हैराण केलं की ९ नोव्हेंबरला त्यांनी स्वातंत्र्य देऊन टाकलं. शेजारच्या व्हिएतनाममध्ये त्यासाठी रक्ताचे पाट वाहत होते. इथवर मी त्याचा चाहता आहे.

पुढे मात्र देश आणि आपण यांतला फरकच त्याला कळेनासा झाला. राजाला निवडणूक लढवता येत नाही म्हणून १९५५ मध्ये मुकुट वडिलांच्या डोक्यावर ठेवला, संगकुम नावाची संघटना काढली आणि सगळ्याच्या सगळ्या ९१ जागा जिंकल्या. विरोधकांना मारझोड, त्यांची वर्तमानपत्रं बंद. सिनेमे स्वतः काढायचा, त्यात सेनापतींना नट म्हणून उभं करायचा, देशात चित्रपट महोत्सव भरवून बक्षीसही स्वतःच घ्यायचा. हसू येतं, पण १९६४ मध्ये एका बंडखोराला गोळ्या घालतानाचं चित्रण करून ते देशभरच्या थिएटरांत मुख्य सिनेमाच्या आधी दाखवलं गेलं, हेही त्याच राजवटीत.

आता मुद्द्याचं. १८ मार्च १९७० ला तो परदेशात असताना त्याचाच पंतप्रधान जनरल लोन नोल आणि चुलतभाऊ सिरिक मतक यांनी त्याला पदावरून काढलं. तो मॉस्कोत होता. विमानतळावर जाताना गाडीत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनने बातमी सांगितली. तिथून तो बीजिंगला गेला, चिनी पंतप्रधान चाऊ एन-लायशी बोलला आणि २३ मार्चला रेडिओवरून प्रजेला हाक दिली: जंगलात जा, लढा. काल-परवापर्यंत ज्यांच्यामागे स्वतःचं सैन्य लावलं होतं त्या ख्मेर रूजशी हातमिळवणी झाली. हे 'ख्मेर रूज' नावही त्यानेच दिलेलं. तेव्हा ते जंगलातले काही हजार लोक होते. खेड्यातल्या शेतकऱ्याला पोल पॉट हे नावही ठाऊक नव्हतं. राजा बोलावतोय म्हणून तो गेला.

पाच वर्षांनी, १७ एप्रिल १९७५ ला, राजधानी नोम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडली. पुढच्या पावणेचार वर्षांत सुमारे १७ ते २० लाख माणसं गेली, म्हणजे साधारण चारातलं एक. त्यात सिहानुकची स्वतःची पाच मुलं आणि चौदा नातवंडं होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

पटत नसेल तर सांगा.

भातवाडी

पटत नाही. कालक्रम तुम्ही सोयीने लावलाय. तुमच्या धाग्यात १९६४ नंतर थेट १९७० येतं. मधल्या सहा वर्षांचं काय?

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, त्यामुळे मला भाताचा भाव दिसतो. सरकार ठरवून दिलेल्या पडेल भावाने भात घ्यायचं. सीमेवरच्या व्हिएतनामी कम्युनिस्टांचे दलाल रोख आणि जास्त पैसे द्यायचे. कोणता शेतकरी सरकारला घालेल? मग निर्यातकर बुडाला, आणि १९६७ मध्ये लोन नोलचं सैन्य बंदुका घेऊन गावोगाव भात गोळा करायला निघालं. बातदंबांग प्रांतात सामलाउतला लोक उठले. ते चिरडताना गावं जाळली गेली. जंगलाची वाट लोकांना रेडिओने नाही, या सक्तीच्या लेव्हीने दाखवली. आपल्याकडचे जुने लोक लेव्ही म्हटलं की अजून कपाळाला आठ्या घालतात, आणि इथे तर मागे संगीन होती.

आणि अमेरिका? मार्च १९६९ पासून बी-५२ विमानं गुपचूप बॉम्ब टाकत होती. ऑगस्ट १९७३ पर्यंत एकूण २७ लाख टन! दुसऱ्या महायुद्धात दोस्तांनी टाकले त्याहून जास्त. राजा रेडिओवर काय बोलला हे ऐकायला शेतकऱ्याचं घर तरी उभं होतं का?

खोडरबर

भातवाडी, मुद्दा बरोबर, आकडा चुकीचा. २७ लाख टन हा आकडा ज्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडला, त्यांनीच पुढे तो दुरुस्त करून सुमारे ५ लाख टनांवर आणला. नेटवर मात्र जुनाच फिरतोय. ५ लाखही एवढ्याशा देशाला पुष्कळ होतात. महायुद्धाची तुलना तेवढी काढा.

भातवाडी

काढली. धन्यवाद. बाकी म्हणणं तसंच.

गुळाचा चहा

धाग्यात सिहानुक 'तो' आणि पोल पॉटही 'तो'. निदान एकाला तरी 'ते' म्हणा, वाचताना गोंधळ होतोय.

अबोली

फोटो टाकून 'सुन्न' लिहिणाऱ्यांत मीही आहे, म्हणून लिहिते.

सियाम रीपला आमचा गाइड साठीच्या आसपासचा होता. बसमध्ये सिहानुकचा उल्लेख आला की 'सम्देच ओव' म्हणायचा. म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, महाराज-बाबा. राजाही आणि बापही. परतीच्या प्रवासात मी शेजारी बसून विचारलं की तुमच्या घरचं कोणी गेलं का? म्हणाला, वडील. १९७० मध्ये रेडिओ ऐकून गेले, त्यावर आईशी भांडण झालं होतं. शेतात काम जास्त होतं, ती नको म्हणत होती. ते परत आले नाहीत. मग मी, आता वाटतं विचारायला नको होतं, पण विचारलं, की राजाचा राग नाही येत? तो थोडा वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, घरात त्यांचा फोटो आहे, आईनेच लावलाय.

आडवाट्या, तुमचा सगळा युक्तिवाद त्या आईला ऐकवून बघावासा वाटतो. ती हो म्हणेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

आडवाट्या

अबोली, हेच तर माझं म्हणणं. वडील रेडिओ ऐकून गेले. भातवाडींच्या सामलाउतमुळे नाही, बॉम्बमुळे नाही.

भातवाडी

एका माणसाचे वडील. सियाम रीपमधला एक माणूस म्हणजे कंबोडिया नव्हे.

बखरवाला

हे वाक्य तुम्ही दोघांनीही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण भांडणाची मेख तिथेच आहे. धागाच मुळात 'एक माणूस म्हणजे देश' या गृहीतकावर उभा आहे.

आपल्याला हे वळण बखरींनी लावलं. राज्य म्हणजे राजा, लढाई म्हणजे सेनापती, आणि पानिपतसुद्धा कोण कोणावर रुसलं यातून समजून घ्यायचं. वाचायला मजा येते, नाकारत नाही. पण सिहानुकच्या बाबतीत ही पद्धत जास्त घातक, कारण ती खुद्द त्याचीच पद्धत होती. कंबोडिया म्हणजे मी, हे त्याने आयुष्यभर जगाला पटवलं आणि जगाने सोयीचं म्हणून पटवून घेतलं. चीनने त्याला ठेवून घेतलं, उत्तर कोरियाच्या किम इल-सुंगने राहायला महाल बांधून दिला. एका माणसाला सांभाळलं की देश खिशात, हा त्यामागचा हिशेब. फ्रेंचांनी १९४१ मध्ये केला तोच.

आणि आडवाट्या, तुमचीही मांडणी तीच आहे, फक्त उलट्या बाजूने. त्याचे भक्त सगळं श्रेय एका माणसाला देतात, तुम्ही सगळा दोष.

१९७० च्या त्याच मार्चमध्ये कोंपोंग चाममध्ये सिहानुकच्या बाजूने मोर्चे निघाले, सैन्याने गोळ्या झाडल्या, आणि जमावाने लोन नोलच्या सख्ख्या भावाला ठार मारलं. ती माणसं नुसती रेडिओच्या आज्ञेवर चालत होती? त्यांचे स्वतःचे हिशेब असतील, जमिनीचे, कर्जाचे, शहरातल्या बाबूंबद्दलच्या रागाचे. तुमच्या पद्धतीत ती माणसं फक्त 'प्रजा' म्हणून उरतात. हाक आली, गेली, मेली.

आडवाट्या

बखरवाला, ठोसा बसला, मान्य. पण पद्धत चुकीची म्हणून निष्कर्ष चुकीचा होत नाही. त्या माणसाच्या हातात खरोखरच किल्ली होती असे काही क्षण असतात, ते सोडून द्यायचे का? आणि नकळत नव्हतं हो. १९७३ मध्ये त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलं होतं की काम झालं की ख्मेर रूज मला चेरीच्या बीसारखं थुंकून टाकतील. इतकं स्पष्ट दिसत असूनही त्याच वर्षी तो हो चि मिन्ह मार्गाने (व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या जंगलातल्या रसद-वाटेने) त्यांच्या भागात जाऊन त्यांच्याबरोबर हसत फोटो काढून आला. लोन नोलवरचा राग आणि गेलेली खुर्ची, एवढंच कारण मला दिसतं.

माजघर

मी सिहानुकच्या बाजूने लिहितेय, कोणीतरी लिहायला हवं.

१९५४ ते १९७० या काळात एका बाजूला थायलंड, दुसऱ्या बाजूला पेटलेला व्हिएतनाम, वर लाओसमध्ये आग. मधला कंबोडिया त्या मानाने शांत होता. शाळा, दवाखाने, रस्ते झाले, नोम पेन्ह देखणं शहर झालं. ते उगाच झालं का? कम्युनिस्टांना सीमेवर आसरा दिला, बंदरातून त्यांची शस्त्रं जाऊ दिली, अमेरिकेची मदत १९६३ मध्ये नाकारली, १९६५ मध्ये संबंध तोडले, १९६९ मध्ये पुन्हा जोडले. तुम्ही याला लहरीपणा म्हणाल. मी म्हणेन, दोन बैलांच्या झुंजीत उभ्या असलेल्या माणसाला सरळ रेषेत चालता येत नाही. त्याला काढल्यावर काय झालं? जी लढाई त्याने पंधरा वर्षं दाराबाहेर ठेवली होती ती दीड महिन्यात घरात आली. मे उजाडेस्तोवर अमेरिकन आणि दक्षिण व्हिएतनामी फौजा आत होत्या. दोष द्यायचाच तर काढणाऱ्यांना द्या.

खोडरबर

शांतता पूर्वेला असेल. सामलाउतवाल्यांना विचारा.

माजघर

विचारलं. म्हणूनच 'त्या मानाने' लिहिलंय. वाचत जा.

दिवेलागण

भारताबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून भर. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथल्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. नेहरूंची अलिप्तता आणि सिहानुकची अलिप्तता यांचं छान जमायचं. आणि १९७९ मध्ये व्हिएतनामने पोल पॉटला हाकलल्यावर गंमत बघा. चीन आणि पाश्चात्त्य देश संयुक्त राष्ट्रांत खुर्ची ख्मेर रूजलाच ठेवा म्हणत होते, आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने व्हिएतनामने नोम पेन्हमध्ये बसवलेल्या हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली. सोव्हिएत गटाबाहेर तेव्हा आपण जवळजवळ एकटे होतो, पण बरोबर होतो. अंकोर वाटची दुरुस्ती १९८६ पासून आपल्या पुरातत्त्व खात्याने केली तीही त्याच ओळखीतून. (दगड रसायनांनी घासल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या, तो वेगळा धागा होईल.)

आडवाट्या

दिवेलागण, छान आठवण दिलीत, कारण माझा शेवटचा आरोप तिथलाच आहे. १९७० चं समजू शकतो. राग होता, अंदाज चुकला. राजवाड्यातली तीन वर्षांची कैद भोगून जानेवारी १९७९ मध्ये तो सुटला. पोटची मुलं गेलेली. आणि ताबडतोब न्यूयॉर्कला जाऊन सुरक्षा परिषदेत व्हिएतनामविरुद्ध बोलला, त्याच ख्मेर रूज सरकारच्या वतीने. त्यांच्या अत्याचारांबद्दल पत्रकारांपुढे तक्रार केली, मान्य. पण १९८२ मध्ये त्यांच्याच बरोबर आघाडी करून तिचा अध्यक्ष झाला. याला काय म्हणायचं?

माजघर

याला 'दुसरा पर्याय नव्हता' म्हणायचं. १९८२ मध्ये त्याने नाही म्हटलं असतं तर संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची कोणाकडे राहिली असती? ख्मेर रूजकडेच, आणि एकट्यांकडे. तो आत होता म्हणून १९८७ मध्ये फ्रान्सच्या खेड्यात नोम पेन्ह सरकारचा पंतप्रधान हुन सेन याच्याशी बोलणी सुरू झाली, म्हणून १९९१ चा पॅरिस करार झाला.

भातवाडी

आणि त्या करारातून १९९३ च्या निवडणुका आल्या. दहातल्या नऊ मतदारांनी मत दिलं, त्याच्या मुलाचा पक्ष ५८ जागांवर पहिला आला, हुन सेनचा ५१ वर दुसरा. हुन सेनने निकाल मानायला नकार दिला, पूर्वेकडचे प्रांत वेगळे काढायची धमकी आली, आणि ती द्यायला पुढे कोण? सिहानुकचाच दुसरा मुलगा. मग म्हाताऱ्याने तोड काढली: दोन पंतप्रधान. लोकांनी एक निवडला होता, राजाने दोन दिले. १९९७ मध्ये दुसऱ्याने, म्हणजे हुन सेनने, पहिल्याला रणगाडे आणून घालवलं.

आडवाट्या, आता मीच तुमच्या बाजूला सरकतोय असं वाटतंय. पण १९९३ साठी. १९७० साठी नाही.

आडवाट्या

१९९३ तर मी धाग्यात घेतलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हाची त्याची तोड बरी वाटते. पुन्हा युद्ध पेटलं असतं.

बखरवाला

म्हणजे तुम्ही दोघांनी बाजू बदलली, फक्त वर्षं वेगवेगळी.

गुळाचा चहा

अबोलीताई, त्या गाइडच्या घरातला फोटो तरुणपणचा की म्हातारपणचा?

अबोली

विचारलं नाही. पण तिकडे दुकानांत, हॉटेलांत तिघांचे फोटो शेजारी शेजारी असतात: आताचा राजा सिहमोनी, त्याची आई मोनिक आणि सिहानुक. तो बहुतेक ठिकाणी पांढऱ्या केसांचा, हात जोडून हसणारा. १९७० मधला कुठे दिसला नाही.