रोटरी टेबलचा बॅकलॅश: तुम्हाला प्ले नेमका कुठे सापडला?

मिलिंग मशीनवर रोटरी टेबल (हँडलने मोजून फिरवायचं गोल टेबल) वापरणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. हँडल उलटं फिरवलं की टेबल हलायच्या आधी ते जे रिकामं फिरतं, म्हणजे प्ले किंवा बॅकलॅश, ते कमी करताना तुम्ही काय उघडलं, काय सापडलं आणि काय बिघडलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

माझं टेबल ९०:१ चं आहे. हँडलच्या एका फेऱ्यात टेबल ४ अंश फिरतं. एका चकतीवर १२ खाचा पाडायच्या होत्या, म्हणजे दर खाचेला साडेसात फेरे. सातव्या खाचेला हँडल जरा पुढे गेलं म्हणून तेवढंच मागे घेतलं. डायलवर आकडा बरोबर होता, खाच मात्र चुकली. दोन दिवसांचं काम भंगारात गेलं.

मग मध्यापासून १०० मिमीवर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावलं. या अंतरावर कोनाचं १ मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे ०.०२९ मिमी, हा आकडा टेबलाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. हँडल एका दिशेने फिरवत काटा हलला तिथे डायल शून्यावर आणली आणि उलट दिशेने काटा हलेपर्यंत परत फिरवलं. २० मिनिटं आली.

हँडलच्या दांड्यावर स्क्रूसारखा वर्म असतो, तो टेबलाखालच्या दातेरी वर्म व्हीलला फिरवतो. मी सरळ एक्सेंट्रिक बुश (वर्म व्हीलच्या जवळ-लांब नेणारी विकेंद्री नळी) फिरवून वर्म आत दाबला. हँडल जड झालं, एका जागी तर अडकायलाच लागलं, आणि प्ले जेमतेम कमी झाला. तेव्हा थांबलो. डायल गेज वर्मच्या दांड्याच्या टोकावर धरून हँडल हाताने ओढलं, ढकललं. दांडा ०.३ मिमी पुढेमागे सरकत होता! वर्म जितका सरकेल तितकाच वर्म व्हीलचा परीघ सरकतो. माझ्या व्हीलची त्रिज्या ७० मिमीच्या आसपास आहे, त्या हिशेबाने एकट्या या सरकण्यातूनच जवळजवळ १५ मिनिटं येत होती. दातांचा दोष उरलेल्या पाचाचा, आणि मी शिक्षा करत होतो दातांनाच.

दांड्याला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले होते आणि त्यामागचा कॉलर नट सैल झाला होता. वॉशर बदलले, नट हाताला किंचित जड लागेल इतका घट्ट केला, आणि नट जागी धरणाऱ्या ग्रब स्क्रूखाली (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) पितळेचा छोटा तुकडा घातला म्हणजे नटाच्या आट्यांना मार लागू नये. नंतरच बुशला हात लावला. आता ५ मिनिटांवर आहे. तुमचं सांगा.

* * *

दादा, बुशबद्दल थोडं लिहितो, कारण मी त्यात आठवडा घालवला आहे.

वर्म व्हील सगळीकडे सारखं झिजत नाही. माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं चौकोन आणि षटकोनच पाडले गेले, त्यामुळे ०, ६०, ९० अशा ठराविक जागचे दात जास्त बसलेले. मी नेमका शून्यावर प्ले काढला. तिथे झकास झालं आणि ४० अंशांवर हँडल दगडासारखं. आता पद्धत अशी ठेवली आहे: बुश सैल ठेवून दर १० अंशांवर प्ले मोजायचा आणि टेबलाच्या कडेवर खडूने लिहायचा. जिथे सगळ्यात कमी येईल ती सगळ्यात घट्ट जागा. बुश तिथे बसवायचा, मग पूर्ण फेरा फिरवून कुठे आवळत नाही ना ते बघायचं. बाकीच्या जागी जो प्ले राहील तो राहील, पण किती राहिलाय ते खडूने लिहिलेलं असतं. हा तक्ता मी आता कागदावर उतरवून झाकणाच्या आत चिकटवला आहे.

आणखी एक. वर्म सोडवून टेबल मोकळं फिरवायची सोय असेल तर परत गुंतवताना लिव्हर स्टॉप स्क्रूला टेकतो. त्या स्क्रूच्या तोंडावर एक बारीक चिप (धातूचा कीस) बसली तरी वर्म पूर्ण आत जात नाही. आपण समजतो सेटिंग हललं.

* * *

माझं छोटंसं आहे. सगळं उघडलं, धुतलं, परत जोडलं, प्ले तेवढाच. शेवटी दांडा पकडीने धरून नुसतं हँडल हलवलं तर हँडलच दांड्यावर डुगडुगत होतं. हँडल दांड्याला अडकवणारी 'की' (खाचेत बसणारी छोटी खीळ) झिजली होती. नवी 'की' फाईल करून बसवली, अर्ध्या तासात काम झालं. आधी हे बघा, मग पाना उचला.

* * *

मी एक चूक सांगते, ती कुणी परत करू नये म्हणून.

माझ्या टेबलाला घट्ट जागा होती. व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट वर्मला लावून शंभरेक फेरे मारले की दात एकमेकांशी जुळतील, असं वाटलं. फिरायला छान हलकं झालं. पण महिन्याभरात प्ले पूर्वीपेक्षा दुप्पट. उघडलं तर कडक पोलादी वर्मवरच चमकदार पट्टा पडला होता, नखाला कड लागत होती. पेस्टची खर गनमेटलच्या मऊ दातांत रुतून बसली होती आणि व्हील स्वतःच वर्म खात होतं. कितीही धुतलं तरी ती खर निघत नाही. शेवटी दोन्ही बदलावी लागली.

नवी जोडी बसवताना एका जुन्या फिटरकाकांनी समोर बसून शिकवलं. वर्मवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ थर, दोन्ही दिशांनी थोडं फिरवायचं आणि व्हीलच्या दातावर निळा डाग कुठे उठतो ते बघायचं. माझा डाग दाताच्या एका कडेला होता, म्हणजे वर्म आणि व्हील एका पातळीत नव्हते. ही गोष्ट बुश कितीही फिरवला तरी सुधारत नाही. व्हीलखाली ०.१ मिमीची शिम (पातळ पत्र्याची चकती) घातल्यावर डाग दाताच्या मध्यावर आला. तो डाग मध्यावर सरकलेला बघितला तेव्हाचा आनंद मला आजही आठवतो. आणि ती जुनी घट्ट जागा? काका म्हणाले, तिथे आधी सुई फिरवून बघायला हवी होतीस. जुनं व्हील जपून ठेवलं होतं, त्या जागी दाताच्या तळाशी खरंच एक चिप दाबून बसलेली निघाली.

* * *

काढूनही थोडा प्ले उरतोच, आणि थोडा हवाही. तेल शिरायला जागा लागते. तेव्हा त्याच्यासकट काम कसं करायचं, त्याबद्दल.

गोलाई मारताना कटर टेबलाला ज्या दिशेने ढकलतो, फीड त्याच्या विरुद्ध हवा. उलट केलं की कटर जॉब स्वतःकडे ओढतो, बॅकलॅशएवढं टेबल झटक्यात पुढे उडी मारतं, आणि दात एकदम जाड चिप घेतो. माझी १० मिमीची एंड मिल (दांड्यासारखा कटर) अशीच गेली. 'खट्' आवाज झाला आणि शँक (कटरचा धरायचा भाग) तेवढी कोलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, राहिली. यात एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवा: बाहेरच्या कडेला जी दिशा बरोबर असते ती आतल्या कडेला चुकीची ठरते. खोबणीची एक बाजू संपवून दुसरीला गेलात की हँडलची दिशाही बदलायला हवी.

टेबलाचे लॉक अर्धवट आवळून ठेवले तर तेवढ्या घर्षणाने टेबल उडी मारत नाही. नुसतं इंडेक्सिंग (ठराविक कोनावर थांबून काम) असेल तर लॉक पूर्ण आवळा, आणि आकड्यावर नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे जाऊन परत त्याच दिशेने.

हँडलऐवजी स्टेपर मोटर (पल्सवर पायरी-पायरीने फिरणारी) लावणाऱ्यांसाठी: कंट्रोलरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन फक्त दिशा बदलताना जास्तीच्या पल्स देतं. कटरने टेबल ढकललं तर ते काही धरून ठेवत नाही.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून. मी टेबल उभं लावून वापरतो. जॉब एका बाजूला जड होता. जड बाजू माथ्यावरून पलीकडे गेली की 'टक' असा आवाज यायचा आणि टेबल आपोआप काही मिनिटं पुढे पडायचं. डायल मुकाट. कडेभोवती दोरी गुंडाळून टोकाला वजन टांगलं, जॉबच्या असमतोलापेक्षा जास्त ओढेल एवढं. दात कायम एकाच बाजूला टेकून राहिले, टक बंद झाली. पूर्ण फेऱ्यासाठी दोरी पुरेशी लांब ठेवा आणि वजन कटरपासून, पायापासून दूर.

आधी मात्र टेबल मध्यावरच हलतंय का ते बघा. कडेला हाताने वरखाली आणि आडवं ढकलून डायल गेज बघायचं. मधल्या बेअरिंगचा नट सैल असेल तर तोही बॅकलॅशसारखाच दिसतो, आणि तो वर्मकडून कधीच निघणार नाही.

* * *

धागाकर्ता परत. सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी स्टॉप स्क्रू काढून बघितला. तोंडावर खरंच ॲल्युमिनियमची चिप चपटी होऊन चिकटली होती, कागदाइतकी पातळ. ती काढली, बुश परत सगळ्यात घट्ट जागी बसवला. ती माझ्याकडे २१० अंशांवर निघाली. आता तिथे २ मिनिटं येतात, सगळ्यात सैल जागी ४. तक्ता झाकणाच्या आत चिकटवला आहे. उद्या चकती पुन्हा लावतो.